६६-१८, मैदानाकडे पाठ करून

स्टेडियमवरच्या सिक्युरिटीवाल्याला मॅच दिसत नाही हे मला पहिल्याच शिफ्टला कळलं. भडक पिवळं जॅकेट घालायचं, कानात रेडिओ अडकवायचा आणि मैदानाकडे पाठ करून लोकांकडे बघत उभं राहायचं. ऐंशी मिनिटं आणि वर मध्यंतर. सांगलीहून भाऊ फोन करायचा तेव्हा ठरलेलं वाक्य, लई नशीबवान आहेस बाबा, फुकटात मॅच आणि वर पैसे. त्याला किती वेळा सांगितलं की मी मॅच बघत नाही, मी मॅच बघणाऱ्यांना बघतो, पण पटलं नाही त्याला.

मी २०२२ ला मास्टर्स करायला सिडनीत आलो. रग्बी लीग म्हणजे काय हे तोपर्यंत माहीत नव्हतं, रग्बी एकच असते असं वाटायचं. इथं आल्यावर कळलं की पंधरा जणांची वेगळी आणि तेरा जणांची ही लीग वेगळी, आणि सिडनीच्या पश्चिमेकडच्या लोकांसमोर दोन्हीत गल्लत केली तर ते आपण खो-खोला लंगडी म्हटल्यावर जसे बघू तसे बघतात. मी शाळेत कबड्डी खेळायचो, डावा कोपरा, त्यामुळे खेळ पटकन डोक्यात बसला. बॉल घेऊन घुसायचं, समोरच्यांनी पकड करायची, सहा पकडी झाल्या की बॉल दुसऱ्याचा. म्हणून सहावी पकड व्हायच्या आत बहुतेक वेळा लाथ मारून बॉल लांब ढकलतात. रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, चार पॉइंट, मग किक बसली तर आणखी दोन.

तर दिवस शनिवार, २० मे २०२३, ग्राउंड लाइकार्ट ओव्हल. घराघरांमध्ये दडलेलं जुनं ग्राउंड आहे, एका बाजूला गवताचं टेकाड, लोक चादरी टाकून बसतात. आपल्याकडे जत्रेत कुस्त्या बघायला माळावर बसतात ना, डिट्टो तसं. माझी ड्युटी त्या टेकाडाच्या पायथ्याशी, कठड्याजवळ.

मॅच वेस्ट्स टायगर्स विरुद्ध नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज. टायगर्स म्हणजे या भागाची घरची टीम, २००५ ला चॅम्पियन झालेली आणि गंमत म्हणजे तेव्हाची फायनल याच काउबॉइजविरुद्ध, ३०-१६. त्यानंतर मात्र उतरती कळा. २०२२ ला शेवटचा नंबर, म्हणजे वुडन स्पून. २०२३ ला सुरुवातीच्या सातच्या सात मॅच हरले, मग एप्रिलच्या शेवटी बाथर्स्टला पावसाचिखलात अचानक पेनरिथला १२-८ ने हरवलं. पेनरिथ म्हणजे त्यावेळी लागोपाठ दोनदा चॅम्पियन झालेली आणि पुढं आणखी दोनदा होणार असलेली टीम. उलट काउबॉइज आदल्या वर्षी तिसरे आलेले आणि फायनल एका मॅचवर राहिलेली. त्यामुळे ब्रीफिंगला आमच्या सुपरवायझरनं नेहमीचं सांगितलं, टायगर्स हरायला लागले की पब्लिक चिडतं, बिअर सांडते, जिन्यांवर लक्ष ठेवा.

सुपरवायझर टोंगाचा, पन्नाशीचा, दाराएवढा रुंद, तरुणपणी स्वतः लीग खेळलेला, गुडघा गेल्यावर या लाइनला आलेला. सगळ्यांना मेट म्हणायचा, मी मनातल्या मनात त्याला दादा म्हणायचो.

मॅच सुरू झाली आणि मला पाठीमागचं काही दिसत नसलं तरी समोरच्या हजारो चेहऱ्यांवर सगळं दिसतं. बॉल पुढं सरकला की माना एकत्र वळतात, मग सगळे अर्धे उठतात, मग आवाज. पहिल्या ट्रायचा आवाज माझ्या छातीत बसला खरंच. दुसऱ्याला अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मग तिसरा, आणि मग मी मोजायचं सोडलं. एका टप्प्याला लोकांचा चेहरा बदलतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आनंद असतोच, पण त्यात एक अविश्वास येतो, लग्नात पंगतीला तिसऱ्यांदा जिलेबी आली की आपण बघतो ना वाढप्याकडे, तसा. कठड्याजवळ केशरी-काळा मफलर गुंडाळलेला एक म्हातारा होता, तो मला सारखा म्हणत होता, पोरा, एकदा वळून बघ, असं परत दिसणार नाही. मी हसून मान हलवत होतो. वळलो तर कॅमेऱ्यात दिसतं आणि रेडिओवर शिवी येते.

लोकांना वाटतं मॅच एकतर्फी झाली की आम्हाला आराम. उलट आहे. अटीतटीच्या मॅचला कुणी जागचं हलत नाही, लघवी दाबून बसतात, मध्यंतराला आणि शेवटी काय ती झुंबड. मॅचचा निकाल लागून गेला की अख्खं ग्राउंड फिरायला निघतं. पाहुण्या टीमचे लोक लवकर घरी निघतात आणि गेटवर मुद्दाम त्यांना डिवचायला दोघं-चौघं उभे असतात, घरचे लोक बिअरच्या रांगेत, पोरं टेकाडावरून लोळत खाली. रेडिओ बंदच होत नव्हता. दादा म्हणाला, मेट, मला बारा-दहाची मॅच दे, बसून पगार घेईन.

त्याच गडबडीत माझ्या जॅकेटला कुणीतरी ओढलं. सहा-सात वर्षांचा पोरगा, काउबॉइजची जर्सी. बाबा हरवलेत म्हणाला. हरवलास तू, बाबा नाही, असं म्हणणार होतो पण चेहरा इतका गंभीर होता की नाही म्हटलं. नियम असा की मूल सापडलं की रेडिओवर कळवायचं आणि सोबतीला माणूस येईपर्यंत आपल्याजवळ ठेवायचं, आणि त्या दिवशी सोबतीला यायला कुणी मोकळंच नव्हतं. मग तो कठड्याला नाक लावून मैदानाकडे बघत उभा आणि मी त्याच्या शेजारी उलट्या तोंडानं. थोड्या वेळानं तोच माझा कॉमेंटेटर झाला. पकडलं. सुटला. परत सुटला. गेला. मग टेकाड उठायचं आणि तो गप्प.

मग किकऑफच्या वेळी त्यानं विचारलं, पॉइंट त्यांनी केले, मग परत आम्हीच का त्यांना बॉल द्यायचा?

मला हसू आलं कारण पहिल्या महिन्यात मी दादाला हेच विचारलं होतं. फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की सेंटर तुमचा. कबड्डीत तर चढाई आळीपाळीनंच, तुम्ही वीस पॉइंटनं मागं असाल तरी पुढची रेड तुमचीच, आणि लोण बसला तरी समोरच्याला जादा दोन पॉइंट देऊन सातच्या सात परत आत. लीगमध्ये ज्यानं ट्राय खाल्ला त्यानंच बॉल लाथाडून समोरच्याच्या हातात द्यायचा. हिशोब असा की लांब किक मारून त्यांना त्यांच्या रेषेजवळ कोंडायचं, तिथून शंभर मीटर त्यांनी ओढत आणायचं, म्हणजे बरोबरी झाली. ताज्या दमाच्या टीमला हा हिशोब लागू पडतो. पण ज्यांचा दम गेलाय ते सहा पकडी करतात, ट्राय खाल्ला की किक मारून परत सहा, तोवर त्यांच्या हातात बॉल आलेलाच नसतो, मग बॉल येतो तेव्हा घाईत हातातून सुटतो, की परत पकडी. पकड करणारा बॉल घेऊन पळणाऱ्यापेक्षा लवकर थकतो, कबड्डीवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

यातलं मी पोराला काय सांगणार. म्हणलं, नियम आहे. तो म्हणाला, घाण नियम आहे. तेवढ्यात त्याचे बाबा आले, दोन्ही हातात चिप्स, घामाघूम. बिचारे मॅच बघवेना म्हणून रांगेत जाऊन उभे राहिलेले. जाताना पोरानं मला स्कोअर सांगितला, पण तो वाढत चालला होता, शेवटी ६६-१८ ला थांबला. हूटर वाजल्यावर मी वळलो, तेवढी परवानगी असते, आणि बोर्ड बघून मला पण खरं वाटेना.

ग्राउंड रिकामं झाल्यावर बॅरिकेड उचलताना मी दादाला म्हणलं, इतक्या पैशांचा खेळ, मग असा निकाल लागूच कसा देतात. तो तिथंच बसला आणि सुरू झाला. त्याच्या मते एका दिवसाच्या स्कोअरवरून कुणी बरोबरीचा आहे की नाही ते ठरवणारा माणूस येडा. १९३५ ला कँटरबरी नवीन टीम होती, सेंट जॉर्जनं त्यांना ९१-६ ने धुतलं, आणि १९३८ ला तीच कँटरबरी चॅम्पियन. उलट सेंट जॉर्ज १९५६ ते १९६६ सलग अकरा वर्षं चॅम्पियन, तेव्हा पकडींना मर्यादाच नव्हती, बॉल एकदा मिळाला की मिळाला. १९६७ ला चार पकडींचा नियम आला आणि त्याच वर्षी त्यांची साखळी तुटली. पुढं १९७१ ला चाराच्या सहा झाल्या. १९९० पासून सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार एका रकमेच्या वर नेता येत नाही. ड्राफ्ट पण आणला होता, म्हणजे खेळाडूनं टीम निवडायची नाही, टीमनीच आळीपाळीनं खेळाडू निवडायचे, पण खेळाडू कोर्टात गेले आणि १९९१ ला तो मोडीत निघाला. कॅप मोडली तर शिक्षा पण जबर, मेलबर्न स्टॉर्मच्या २००७ आणि २००९ च्या ट्रॉफ्या २०१० ला काढून घेतल्या आणि ते अख्खं वर्ष त्यांना शून्य पॉइंटवर खेळायला लावलं. आपल्याकडे असलं काही झालं तर गावात मोर्चा निघेल.

मग २०२१ चं काय, मी विचारलं, कारण त्या वर्षाबद्दल सगळेच बोलायचे. त्यावर तो जरा वैतागला. २०२० ला सिक्स अगेन आला, म्हणजे पकडीनंतर मुद्दाम वेळ काढला तर पेनल्टीऐवजी सहा पकडी परत पहिल्यापासून, खेळ थांबवायचाच नाही. २०२१ ला पकडीनंतर दहा मीटर मागं हटायचं असतं, त्यातल्या चुकीलाही तोच नियम लावला. पेनल्टी म्हणजे थकलेल्या टीमला श्वास घ्यायला मिळणारी मिनिटभर सुट्टी होती, ती गेली. बघायला भन्नाट, पण जी टीम फिट ती सुसाट आणि जी मागं ती मातीत. त्या वर्षी स्टॉर्म सलग १९ जिंकले, कँटरबरीनं अख्ख्या सीझनमध्ये ३ मॅच जिंकल्या आणि मॅनलीचा टॉम ट्रबोयेविच १८ मॅचमध्ये २८ ट्राय मारून गेला. २०२२ ला थोडं मागं घेतलं, स्वतःच्या भागात अडकलेल्या टीमला परत पेनल्टी मिळायला लागली. दादाचं म्हणणं, पगार सारखे केले तरी दम सारखा करता येत नाही, तेवढं नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मला ते पटलं. अजूनही पटतं.

पण त्यावेळी माझ्या डोक्यात साधा निष्कर्ष बसला होता, टायगर्स सुधारले आणि काउबॉइज संपले. भावाला तसं फोनवर ठोकून पण दिलं.

बरोबर सहा आठवड्यांनी, १ जुलैला, परत शनिवारच, त्याच दोन टीम, फक्त आता टाउन्सव्हिलला, सिडनीहून विमानानं जवळपास तीन तास. ती तारीख माझ्या वेगळ्याच कारणानं लक्षात आहे, त्या दिवसापासून स्टुडंट व्हिसावाल्यांना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा परत लागू झाली. कोविडनंतर मोकळीक होती, वाटेल तेवढ्या शिफ्ट मारत होतो, आता वहीत तास लिहून ठेवायचे. लीगवाल्यांना सॅलरी कॅप आणि आम्हाला ही कॅप, असा पांचट जोक मी ग्रुपवर टाकला, कुणी हसलं नाही, सगळ्यांची भाड्याची गणितं बिघडली होती.

माझी शिफ्ट एका पबच्या दारावर होती. आत मोठा टीव्ही, टायगर्सवाले बरेच. इथं पण तोंड रस्त्याकडे, टीव्ही पाठीमागं, म्हणजे परत कानांवरच मॅच. सुरुवातीला शिव्या. मग ओरडणं. मग काही वेळ एकदम शांतता, इतकी की कॉमेंटेटरचा आवाज फुटपाथवर ऐकू येत होता. मला वाटलं आता लोक उठून जातील, पण कुणी हललं नाही, आणि शेवटाकडे चक्क हशा सुरू झाला. काउबॉइजनी आणखी एक टाकला की टाळ्या. कुणीतरी ओरडलं, शंभर करा आता, अर्धवट सोडू नका. मला आमच्या शाळेची तालुक्याच्या फायनलची मॅच आठवली, आम्ही लोणावर लोण खात होतो आणि आमचीच पोरं बाहेर बसून हसत होती. त्यावेळी लई राग आला होता त्यांचा. त्या रात्री दारात उभं राहून जरा कमी झाला.

७४-०. त्या वर्षी टायगर्सनी एकूण ४ मॅच जिंकल्या, ६६-१८ त्यातली एक, आणि शेवटचा नंबर काही सुटला नाही, २०२४ ला पण नाही. काउबॉइज तरी कुठं, त्यांना पण प्लेऑफ मिळाली नाहीच. दोन्ही स्कोअरची बेरीज केली तर ९२-६६, हे मी त्याच रात्री मोबाइलवर करून दादाला पाठवलं. त्याचा रिप्लाय आला, तो कठड्याजवळचा पोरगा आज झोपणार नाही.

पब रिकामा होत आला तेव्हा एकजण रस्ता ओलांडून धावत आला, कामाचे बूट, अंगावर टायगर्सची जर्सी, नुकती ड्युटी सुटलेली दिसत होती. आयडी काढता काढता धापा टाकत विचारलं, काय झालं मॅचचं.

चौऱ्याहत्तर-शून्य, मी म्हणालो.

त्याचा हात खिशातच थांबला. त्याला सहा आठवड्यांपूर्वीचा शनिवार आठवला असणार, कारण चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"आपले?" त्यानं विचारलं.