"ही कधी मोजली होती?"

यांच्या छातीतल्या झडपेची टिकटिक मला 2010 पासून पाठ आहे. घर निजलं की भिंतीवरच्या घड्याळाआधी तीच ऐकू येते. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या. त्या कडक होऊन झडपेची वाट चिंचोळी झाली, म्हणून मेकॅनिकल झडप बसवली. मग रोज रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमची गोळी, ठरल्या दिवशी रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआर तपासणी, आणि गोळीच्या असरात फरक पडू नये म्हणून मेथी-पालक बेतानं. आम्हाला वाटलं, सुटलो.

हा दोष झडपेपुरता नसतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. झडपेच्या वरची महाधमनीची भिंतही बऱ्याचदा कमकुवत असते आणि झडप बदलली तरी ती फुगत जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर तेव्हाच महाधमनीची रुंदी 4.2 सेंटिमीटर लिहिलेली होती. ते कार्ड मी तेरा वर्षं फाईलमध्ये जपलं, आणि दर इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सगळ्यांनी झडपच पाहिली. याचा राग अजून गेलेला नाही. साताऱ्यात एका तरुण डॉक्टरांनी इको करताना वरच्या बाजूला जरा जास्त वेळ घेतला आणि विचारलं, "काकू, ही कधी मोजली होती?"

सीटीत 5.7 निघाली. साडेपाच झाली की ऑपरेशनला थांबत नाहीत. फाटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळेल याची खात्री नसते.

पहिल्या ऑपरेशनला मी इतकी घाबरले नव्हते. एकदा उघडलेल्या छातीत हृदय, महाधमनी सगळं हाडाला मागून चिकटून बसतं. करवत तिथंच लागली तर? सर्जननी सीटीवर बोट ठेवून हाड आणि महाधमनीमधली फट दाखवली. "आधी जांघेतून हार्ट-लंग मशीनला जोडून घेणार, मगच हाड उघडणार," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी नऊ तास बाहेर बसले. निम्मा वेळ चिकटलेलं सोडवण्यातच गेला म्हणे. जुनी झडप उत्तम चालत होती, तिला हात लावला नाही. वरची फुगलेली महाधमनी काढून डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवली.

आयसीयूत सुजलेला चेहरा ओळखू येईना. मी वाकून कान छातीजवळ नेला. "ताई, मॉनिटरवर दिसतंय की सगळं," सिस्टर म्हणाल्या. पण मला टिकटिकच ऐकायची होती. होती ती, तशीच.

हा दोष घराण्यात उतरू शकतो, म्हणून मुलांचाही इको करायला सांगितलाय. मोठ्याचा झाला, तीन पाकळ्या. धाकटीची परीक्षा गुरुवारी संपतेय, शुक्रवारची वेळ घेतली आहे.