घड्याळाचा हातचा

शीतगृहातलं तापमान दर सेकंदाला नोंदवणारी आमची पेटी. आत लिनक्स, आणि बोर्डावर डीएस 1307 ही जुनी, साधी घड्याळाची चिप. ऑडिट तोंडावर असताना ग्राहकाने लॉगचा एक तुकडा पाठवला:

10:59:57
10:59:58
11:59:59
11:00:00

सोबत एकच प्रश्न: नोंदींमध्ये कुणी हात घातलाय का?

ऑफिसात सगळ्यांचं बोट आधी क्रिस्टलकडे, म्हणजे घड्याळाला ठोके देणाऱ्या स्फटिकाकडे, गेलं. थंडीत क्रिस्टल भरकटतो, हे खरंच. पण 20 पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत 20 भागांनी, चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक, तोही हळूहळू साचणारा. इथे एकच नोंद बरोब्बर 3600 सेकंद पुढे आणि पुढच्याच सेकंदाला सगळं जागेवर! जुने लॉग चाळले, तर काही ठिकाणी नेमकं एक मिनिट पुढे, एके ठिकाणी अख्खा दिवस. सतरा मिनिटं, अर्धा तास असलं कुठेच नाही. बेरीज करताना हातचा पुढच्या घरात द्यावा आणि मागचं घर शून्य करायचं विसरावं, तसला प्रकार.

मग चिप आणि प्रोसेसर ज्यावरून बोलतात त्या आयटूसी बसच्या दोन तारांवर लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे संकेत टिपणारं उपकरण) लावला आणि चोर लगेच दिसला. सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना, वर्ष अशी चिपमधली सात रजिस्टरं (एकेका बाइटची घरं) आमचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, एकेक करून वाचत होता, प्रत्येकासाठी नवा स्टार्ट, म्हणजे संवाद सुरू करण्याचा इशारा. ही चिप स्टार्ट मिळताच चालू वेळेची प्रत बाजूला काढून ठेवते. सातही बाइट एका दमात वाचले तर सगळे एकाच क्षणाचे मिळतात. आम्ही मात्र सात वेळा स्टार्ट देऊन सात वेगवेगळे क्षण गोळा करत होतो. मिनिटाचे 59 वाचून तासाकडे वळेपर्यंत 11 वाजले, की झाले 11:59:59.

घड्याळ 31 डिसेंबर 23:59:50 ला लावलं आणि न थांबता वाचत बसलो. सलग वाचत राहिलं की सेकंद एखाद्या वाचनाच्या मधोमध बदलणारच. एका खेपेला महिना डिसेंबर आणि वर्ष पुढचं आलं. घड्याळ वर्षभर पुढे! टीममध्ये हशा पिकला.

एका दमात वाचणं हा खरा उपाय, पण आमचा बस कंट्रोलर (आयटूसीच्या तारा चालवणारा भाग) एका वेळी एकच बाइट वाचू देणारा. लिनक्सच्या मूळ ड्रायव्हरमध्ये अशा कंट्रोलरसाठी एके काळी तोड होती: सगळी रजिस्टरं पुन्हा वाचायची आणि लागोपाठची दोन वाचनं जुळेपर्यंत थांबायचं. मला ते जड वाटलं. शेवटी ठरवलं: सातही वाचून झाले की फक्त सेकंद परत वाचायचा. तोच असेल तर मधे काही बदललेलं नाही, नसेल तर पहिल्यापासून. सात ऐवजी आठ बाइट, बस्स.

वेळ लिहितानाही हीच भानगड. सेकंदाच्या रजिस्टरात लिहिलं की चिपचा आतला विभाजक (क्रिस्टलच्या ठोक्यांतून एकेक सेकंद पाडणारा भाग) शून्यापासून मोजायला लागतो, म्हणून तो आधी लिहायचा आणि बाकीचे सेकंदाच्या आत उरकायचे. आमच्या ड्रायव्हरमध्ये क्रम उलटा होता. तोही बदलला.

जुने लॉग दुरुस्त करणं सोपं होतं, कारण चूक नेहमी पूर्ण एका घराची. पण ऑडिटच्या नोंदींना हात लावायचा नाही, असं आमचं आणि ग्राहकाचं ठरलं. मूळ वेळ तशीच ठेवली आणि शेजारी दुरुस्त वेळेचा वेगळा रकाना जोडून दिला.