आमची वाटचाल: तांबं काळं करणारे

आमची शेड नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत. पाटीवरचं नाव विचारलंत तर शेजारचाही सांगणार नाही. "तांबं काळं करणारे कुठं बसतात?" म्हणा, चहावाला दारापर्यंत आणून सोडेल.

पहिला रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं यंत्र, भंगारातला, तेलात बुडालेला, चालू केला की म्हशीसारखा हुंकारायचा. मजा बघा, 1920च्या दशकात रेक्टिफायरच्या चकत्याच तांब्याच्या असत. तांबं आणि त्यावरचा लालसर क्युप्रस ऑक्साइड (तांबं आणि ऑक्सिजन मिळून झालेला थर) यांच्या सांध्यातून वीज एकाच दिशेनं सहज जाते. आम्ही त्याच ऑक्साइडवर पोट भरतो. जॉब, म्हणजे काळं करायचं तांबं, टाकीत ॲनोडला (धन टोकाला) टांगायचा, समोर लोखंडी पत्रा कॅथोडला (ऋण टोकाला), टाकीतलं कॉस्टिक सोड्याचं पाणी 80 ते 90 अंशांवर. आधी विटकरी थर धरतो, मग काळा क्युप्रिक ऑक्साइड. टाकी थंड असली तर थर राहतो बाजूला, तांबंच सुटतं आणि पाणी निळं पडतं. थर पुरा झाला की व्होल्ट झपकन चढतात, जॉबवर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. इतवारीतले काका, आमचे पहिले भागीदार, मीटरकडे न बघता नुसत्या फसफसण्यावरून स्विच पाडायचे.

तेव्हा मोठं गिऱ्हाईक सोलर वॉटर हीटरवाले. त्यांना थर पातळ लागतो: ऊन शोषावं, पण तापलेल्या पत्र्यानं उष्णता परत फेकू नये. जाड झाला की फेकायला लागतो. हे आमच्याच गल्लीतल्या एका महाशयांना कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी गंधकाच्या द्रावणात पत्रे बुचकळले आणि निम्म्या दरात आमची पार्टी पळवली. ना वीज, ना गरम टाकी, दर कमी बसणारच! खरेदीवाल्यानं तोंडावर ऐकवलं, "काळं ते काळं, भाऊ." त्या वर्षी टाकी आठवडेच्या आठवडे थंड पडून होती. काकांनी गळ्यातली चेन गहाण टाकून विजेचं बिल भरलं. बँकेचं तर बोलूच नका.

तगलो ते विजेचे पॅनेल बोर्ड बनवणाऱ्या एका दादांमुळे. त्यांचं गणित उलटं. चकचकीत तांबं उष्णता फारशी फेकत नाही, काळं फेकतं. म्हणून तेवढ्याच तापमानाला काळा बसबार (बोर्डातली वीज वाहून नेणारी तांब्याची पट्टी) जास्त अँपिअर ओढतो. थर दणकट हवा. जोडाच्या जागा तेवढ्या टेपनं झाकायच्या, तिथं ऑक्साइड चढला तर सांधा तापतो. दादांनी कधी भाव पाडला नाही, बिल अडकवलं नाही. माल आला की पांढरा रुमाल पट्टीवर घासायचे, बस्स.

मधली वर्षं ठीक गेली.

नवीन पोरांना, विचारलं नाही तरी सांगतो: बोअरचं पाणी टाकीत घालू नका, त्यातलं क्लोराइड थराला बारीक भोकं पाडतं. टाकी उघडी टाकून घरी जाऊ नका, कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट होतं. आणि घासाघीस करणाऱ्याला चहा पाजा, उधारी देऊ नका.

हो, ते राहिलंच. महाशयांचं काळं नागपूरच्या मे महिन्यात पापुद्र्यांनी सुटलं. तोच खरेदीवाला परत आला, हातात सॅम्पल. पुढे काचेच्या नळ्यांचे हीटर आले नि सोलरचं काम आटलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी काम घेतलं. दर जुनाच लावला. फक्त निम्मे पैसे आगाऊ, आणि टेम्पोभाडं त्यांचं.