भांडण मिटवायला शिकवताना : तिसरी-चौथीच्या वर्गातला माझा अनुभव

भावना ओळखण्याचा तास आठवड्यातून एकदा घेतला तर फारसं हाती लागत नाही. परिपाठानंतर रोज दहा मिनिटं दिली तर लागतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, तिथे हे हजेरीबरोबरच होतं.

सामान म्हणजे पुठ्ठ्याचे चार डबे आणि नावं लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्या. डब्यांवर 'बरं वाटतंय', 'राग आलाय', 'धाकधूक आहे', 'वाईट वाटतंय'. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता मी लावत नाही, सगळी बोटं हसऱ्यावरच जातात. डबे कपाटाच्या आडोशाला ठेवायचे आणि एकेकाने जाऊन आपली काडी आपल्याला लागू त्या डब्यात टाकायची, नाहीतर मॉनिटरची काडी जिथे, तिथेच सगळ्यांच्या. कारण चारचौघांत विचारायचं नाही. ज्याची काडी 'बरं वाटतंय' सोडून दुसरीकडे, त्या मुलाशी मधल्या सुट्टीच्या आत एकट्याने दोन वाक्यं बोलायची. हे राहून गेलं की थोड्याच दिवसांत सगळा वर्ग 'बरं वाटतंय'मध्ये.

भडकलेल्या मुलाला 'श्वास घे' म्हणून उपयोग नाही, ती सवय शांत असतानाच लावावी लागते. पोटावर हात, चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच वेळा. श्वास सावकाश सोडला की ठोके मंदावतात. मुलं छाती फुगवून शर्यत लावतात, म्हणून आकडे मी मोजते.

आता भांडण. 'सॉरी म्हण, हात मिळव' हा आम्हा शिक्षकांचा लाडका तोडगा, पण त्याने भांडण शाळा सुटेपर्यंत पुढे ढकललं जातं, इतकंच. त्याऐवजी आधी दोघांना लांब बसवून पाणी द्यायचं. मग एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तेच परत सांगायचं. पहिला 'हो, असंच' म्हणाला तरच पाळी बदलते. घोडं इथेच अडतं. 'तो म्हणतो मी ढकललं, पण त्यानंच आधी...' असा 'पण' आला की थांबवून पुन्हा सांगायला लावायचं. 'तू चोरटा आहेस' चालत नाही. 'तू माझी पेन्सिल न विचारता घेतलीस, मला राग आला, पुढच्या वेळी विचार' असं म्हणायचं. तोडगा मुलांनीच काढायचा, मग तो आपल्याला कितीही विचित्र वाटो. याचा सराव लुटुपुटूच्या भांडणांवर होतो : आहाराच्या रांगेत घुसणं, लंगडीत आउट न मानणं. खऱ्या भांडणातली जोडी त्यात घेऊ नये, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खेळवावं.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड कुटुंबांतली मुलं वर्गात येतात. बीडकडची असतात, जतकडची कन्नड बोलणारीही असतात. त्यांना पहिले काही दिवस बोलायला न लावता चित्र काढू द्यावं. सोबतीला एक जोडीदार द्यावा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, आहाराची रांग दाखवायला. वर्गातलं हुशार मूल नको, ते मास्तरकी करतं. खेळात रमणारं बरं.

काडीमागचं कारण कधी मार किंवा नकोसा स्पर्श असं निघतं. तिथे डबे आणि पाळ्या बाजूला. मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही, खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांशी बोलून आपसात मिटवायचा तो विषय नाही. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.