राऊ नदीकाठी बस्टर कीटनच्या मागावर

ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरातून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की अर्ध्या तासात कॉटेज ग्रोव्ह लागते. छत असलेल्या जुन्या लाकडी पुलांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे, पण मी गेलो होतो तो २३ जुलै १९२६ रोजी आगगाडीच्या इंजिनासह मुद्दाम नदीत कोसळवलेल्या एका पुलाची जागा पाहायला. मूकपटांच्या काळातला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन याने ‘द जनरल’ या चित्रपटासाठी तो बांधून घेतला होता. गावच्या मुख्य रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर या चित्रपटाचे मोठे भित्तिचित्र आहे. त्यातही कीटनचा चेहरा नेहमीसारखाच निर्विकार.

ही निर्विकारता त्याला लहानपणीच अंगवळणी पडली होती. १८९५ साली कॅन्ससमध्ये जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर रंगमंचावर वाढला. वडील त्याला उचलून नेपथ्यावर फेकत, आणि आपण हसलो नाही तर प्रेक्षक अधिक हसतात हे त्याने फार लवकर ओळखले. १९१७ मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाच्या लघुपटांतून तो पडद्यावर आला आणि १९२० पासून त्याला स्वतःचे चित्रपट स्वतःच्या मनाप्रमाणे करता येऊ लागले.

गावाजवळून पूर्वेला जुना लोहमार्ग जात असे. आता रूळ काढून तिथे सायकलींसाठी डांबरी वाट केली आहे; सुमारे २५ किलोमीटरची ही वाट कल्प क्रीक या वस्तीपर्यंत राऊ नदीच्या सोबतीने जाते. सायकल भाड्याने घेऊन मी निघालो. चढ इतका सौम्य, की आपण एके काळच्या रेल्वेमार्गावर आहोत हे पायांनाच आधी कळते. वाटेत डोरेना धरणाचा जलाशय लागतो, पण हे धरण चित्रीकरणानंतर कितीतरी वर्षांनी झालेले असल्याने कीटनने पाहिलेली दरी डोळ्यांपुढे आणायची तर ते पाणी मनातल्या मनात उपसावे लागते.

चित्रपटाची कथा अमेरिकन यादवी युद्धातली आणि घडते दक्षिणेकडच्या जॉर्जियात; १८६२ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी तिथून ‘जनरल’ नावाचे रेल्वे इंजिन पळवले होते, त्या खऱ्या प्रसंगावर ती बेतलेली आहे. प्रत्यक्ष त्या प्रसंगातले इंजिन टेनेसीत जपून ठेवलेले होते. पण विनोदी चित्रपटासाठी ते देण्यास नकार मिळाला, म्हणून हा सगळा लवाजमा जुन्या वळणाच्या रेल्वेच्या शोधात इतक्या दूर आला. राष्ट्रीय रक्षक दलाचे शेकडो जवान सैनिक म्हणून उभे केले गेले. उत्तरेचा निळा गणवेश घालून एका दिशेने आणि दक्षिणेचा राखाडी घालून दुसऱ्या दिशेने, असे तेच जवान दोन्ही फौजा झाले. लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी रानाला आगी लागल्या, तेव्हा कलाकारांनी अंगातले गणवेश काढून त्या झोडपल्या. काम खोळंबले की मंडळी बेसबॉल खेळत.

मला या चित्रपटात सर्वांत धोकादायक वाटते ते एक शांत दृश्य आहे. प्रेयसीने झिडकारलेला नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न होऊन बसतो, इंजिन हलू लागते आणि दांड्याबरोबर तोही वर-खाली होत जातो. आपण हलतो आहोत हे त्याच्या ध्यानात येते, तेव्हा इंजिन शेडमध्ये शिरत असते. सुरुवातीला वाफ जराशी जास्त सुटून चाके जागच्या जागी गरगरली असती, तर कीटन त्यातून वाचणे कठीण होते. पडद्यावर मात्र या धोक्याचा जराही गाजावाजा नाही, आणि त्याची थोरवी मला इथेच जाणवते.

कल्प क्रीकजवळ पुलाची जागा म्हणून दाखवतात तिथे उथळ पाणी, गोटे आणि काठावरची दाट झाडी एवढेच आहे. त्या दिवशी दुसरी संधी नव्हती. काठावर हजारोंची गर्दी जमली होती, इंजिनात बाहुला बसवलेला होता आणि जळत्या पुलासह इंजिन खाली आले. मूकपटांच्या जमान्यातले हे सर्वांत महागडे एकच दृश्य मानले जाते. त्याचा खर्च ४२,००० डॉलर सांगतात. इंजिन दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच पडून होते, मग भंगार म्हणून उचलले गेले.

१९२७ मध्ये न्यूयॉर्कला लागलेला हा चित्रपट समीक्षकांना रुचला नाही आणि खर्चाच्या मानाने चालला नाही. निर्माता जोसेफ शेंक याने पुढच्या चित्रपटांच्या खर्चावर नजर ठेवली आणि १९२८ मध्ये कीटनला एमजीएम या मोठ्या स्टुडिओकडे सोपवले. चॅप्लिनने त्याला तिकडे जाऊ नकोस असे बजावले होते. तिथे पटकथा आधी मंजूर करून घ्यावी लागे. जीव धोक्यात घालायलाही वरिष्ठांची परवानगी लागू लागली. बोलपट आले, संसार मोडला, दारू वाढली आणि १९३३ मध्ये स्टुडिओने त्याला काढून टाकले. पुढे त्याच स्टुडिओत तो इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी युक्त्या सुचवण्याचे काम आठवड्याला १०० डॉलरवर करू लागला. १९६६ मध्ये तो वारला, तोवर ‘द जनरल’ला लोक पुन्हा डोक्यावर घेऊ लागले होते. १९८९ साली अमेरिकेने जतनासाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत तो आहे.