वापरात नसलेला कोड आणि हलवलेले एक फंक्शन

प्रोग्रॅमचे बाहेरून दिसणारे वर्तन जसेच्या तसे राखून त्याची आतली रचना सुधारणे म्हणजे रिफॅक्टरिंग. या कामातली सगळी मेहनत ‘वर्तन राखून’ या अटीत असते. विल्यम ओपडाईक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात अशा प्रत्येक बदलाआधी कोणत्या अटी पूर्ण झालेल्या असायला हव्यात, हे तपशीलवार मांडले होते. रोजच्या कामात मात्र आपण टेस्ट (कोड तपासणाऱ्या स्वयंचलित चाचण्या) हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण दिसल्या की समाधान मानतो, आणि ज्या कोडला कुणी हात लावत नाही त्याच्या टेस्ट मुळात चालवल्या जातात का, हे क्वचितच विचारतो.

या संदर्भात मला अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे प्रकरण महत्त्वाचे वाटते. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडल्यानंतरच्या सुमारे ४५ मिनिटांत ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डर हाताळताना तिच्या प्रणालीने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार केले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला, एवढ्यावरच ही हकिगत सहसा संपते, आणि दोष डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे कोड चढवण्याच्या कामाच्या माथी मारला जातो. अमेरिकेच्या रोखे नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये काढलेला आदेश वाचला, तर प्रकरणाचे मूळ बरेच मागे, २००५ सालात सापडते.

‘पॉवर पेग’ नावाची सुविधा कंपनीने २००३ मध्येच वापरातून काढली होती, पण तिचा कोड सर्व्हरवर तसाच राहिला. मोठी ऑर्डर लहान तुकड्यांत बाजारात पाठवताना किती शेअरचा व्यवहार पूर्ण झाला याची बेरीज ठेवणारे आणि मूळ ऑर्डर पुरी होताच पाठवणे थांबवणारे एक फंक्शन त्या कोडमध्ये होते. २००५ मध्ये हे फंक्शन कोडच्या क्रमात आधीच्या टप्प्यावर हलवले गेले. रचनेच्या दृष्टीने तो बदल रास्त असेलही. परंतु त्यानंतर पॉवर पेग अजून नीट चालते का, हे कुणी तपासले नाही. वापरातच नसलेली गोष्ट कोण तपासणार? २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग (सुविधा सुरू करणारी खूण) पुन्हा वापरला गेला. जुना कोड राहिलेल्या आठव्या सर्व्हरवर तो फ्लॅग लागताच पॉवर पेग जागे झाले, आणि त्याला थांबवणारी बेरीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. गोंधळात नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढला गेला, तेव्हा तिथेही जुने पॉवर पेग जागे झाले आणि नुकसान आणखी वाढले.

म्हणून एखादे फंक्शन हलवण्याआधी त्याला बोलावणाऱ्या सर्व जागा शोधून त्यांतली कोणती खरोखर जिवंत आहे हे ठरवण्यात मी बराच वेळ घालवतो. मृत ठरलेला कोड रचनेत बदल करण्यापूर्वीच, वेगळ्या कॉमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) काढून टाकणे मला सुरक्षित वाटते, कारण दोन्ही कामे एकत्र केली की परीक्षण करणाऱ्याला काय हलले आणि काय गेले हे वेगळे दिसत नाही. ‘राहू दे, कधीतरी लागेल’ ही सबब कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या काळात टिकत नाही. जुना कोड इतिहासातून केव्हाही परत आणता येतो.

फ्लॅगचे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण कॉन्फिगरेशनमधून किंवा दुसऱ्या प्रणालीच्या संदेशातून येणारी किंमत संपादकातल्या ‘वापर शोधा’ या सोयीला दिसत नाही. प्रणालींमधल्या संदेशांची रचना ठरवणाऱ्या प्रोटोकॉल बफर्समध्ये काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक राखीव म्हणून नोंदवता येतो आणि तो पुन्हा वापरल्यास कंपायलर चूक दाखवतो. स्वतः बनवलेल्या फ्लॅगना असे संरक्षण आपोआप मिळत नाही. तिथे मी निवृत्त फ्लॅगची यादी कोडमध्येच ठेवतो आणि त्यातले एखादे नाव पुन्हा आले तर नापास होणारी एक छोटी टेस्ट लिहितो.