भीमेकाठची हानोवेरियन

दौंडहून दादांचा फोन आला तेव्हा मी दुपारची जेवणं आटोपून ओटा पुसत होते. "ताई, घोडीनं कास सोडलीय. सडाला मेण धरलंय. आज नाही तर उद्या पहाटेला व्यायची. बघायचं असंल तर आत्ताच निघा."

या फोनची मी दिवाळीपासून वाट बघत होते. स्वेटर, बॅटरी, चहाचा थर्मास आणि एक जुना फोटो पिशवीत टाकला आणि शनिवार पेठेतून गाडी बाहेर काढली. महाशिवरात्र होऊन चार दिवस झाले होते, फाल्गुन लागला होता.

कॅम्पातून सोलापूर रस्त्याला लागताना रेसकोर्सपाशी माझी गाडी आपोआप हळू होते. घोड्यांचं वेड मला इथेच लागलं. पावसाळ्यातल्या पहाटे वडील सायकलच्या दांडीवर बसवून आणायचे आणि कुंपणाला नाक लावून आम्ही शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा सराव बघायचो. आत्ता मैदान शांत होतं. पुण्याचा मोसम पावसाळ्यातला, हिवाळ्यात शर्यती महालक्ष्मीला असतात. देशातल्या प्रत्येक थरोब्रेडची वंशावळ नोंदवणारी स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियासुद्धा याच पुण्यात आहे, हे बऱ्याच पुणेकरांना ठाऊक नसतं. त्या नोंदवहीचा नियम कडक आहे: आई आणि बाप दोघंही वहीतलेच हवेत, आणि घोडी नैसर्गिकरीत्याच फळलेली हवी. कृत्रिम रेतनातून झालेलं शिंगरू कितीही वेगवान निघालं तरी थरोब्रेड म्हणून त्याची नोंद होत नाही.

मी बघायला निघाले होते ते हानोवेरियन या जर्मन जातीचं शिंगरू याच्या अगदी उलट रीतीचं होतं.

हडपसर, मांजरी मागे पडली. लोणीच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला. उरुळी कांचनला चहाला थांबले. 1967 साली सुरू झालेल्या इथल्या बाएफ या पशुसंवर्धन संस्थेनं पुढे गोठीत रेतमात्रा गावोगाव पोचवल्या, त्यामुळे या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला नायट्रोजनचं भांडं आणि कांडी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. दादांचा मूळ धंदा गाईंचाच. ते नेहमी म्हणतात, गाईला जमतं ते घोडीला जमतं, फक्त घोडी जास्त परीक्षा बघते. गाईला एक बारीक कांडी पुरते. गोठीत रेतमात्रा वापरायची तर घोडीला बहुतेक वेळा आठेक कांड्या लागतात, आणि अंडं सुटल्यापासून सहा तासांच्या आत काम व्हावं लागतं. म्हणजे दर सहा तासांनी सोनोग्राफी, रात्रीसुद्धा.

यवतच्या अलीकडे-पलीकडे गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर उतरला होता. पाटसच्या आधी तोडलेल्या उसाच्या रानात धनगरांचा वाडा बसला होता. मेंढरं, जाळी, पोरंबाळं, आणि बाजूला पुढचे पाय बांधून सोडलेली चार तट्टं. मी उतरले. सगळं बिऱ्हाड वाहणारी ही बुटकी, रुंद छातीची जनावरं म्हणजे भीमथडीची जात. मराठ्यांच्या फौजा याच घोड्यांवर देशभर फिरल्या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता कुठे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मी तिथल्या आजींना एका लाल घोडीबद्दल विचारलं तर त्यांनी तिची आई, आईची आई, ती कोणत्या पावसाळ्यात कुठल्या घाटात व्याली, हे सगळं एका दमात सांगितलं. बाप विचारला तर हसल्या. "बापाचं काय, वाटंत भेटला आसंल." मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नाही, पण गाडीत बसल्यावर तेच डोक्यात राहिलं. आजींच्या मागे ही वंशावळ कोण सांगणार?

दादांचा मळा भीमेच्या काठाला. पोचले तेव्हा दिवस मावळत होता. रेवा मोठ्या कप्प्यात भाताच्या पेंढ्यावर उभी होती. गडद कुमाईत, खांद्याशीच माझ्या डोक्याइतकी उंच, पोट दोन्ही अंगांनी खाली उतरलेलं. ती जर्मनीतून गाभणच आली. बापाचं वीर्य तिथे थंड डब्यातून कुरिअरनं आलं होतं, दुसऱ्या दिवशी भरलं आणि राहिलं. मग विमान, विलगीकरण आणि शेवटी दौंड. घोडीचे दिवस अकरा महिने, 340 च्या आसपास. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांनी भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या.

मी डाव्या मांडीपाशी वाकले. केसांखाली डाग होता: एच अक्षर, पण वरची दोन्ही टोकं घोड्यांच्या तोंडांसारखी बाहेर वळलेली. जर्मनीच्या त्या भागात जुन्या शेतघरांच्या आढ्यावर अशीच लाकडी घोड्यांची तोंडं असतात. हा हानोवेरियनचा डाग. मी त्यावरून बोट फिरवलं आणि माझा हात थांबला.

पिशवीतल्या फोटोचं आता सांगते. 1990च्या दशकात मी पुण्यातल्या एका क्लबात घोडेस्वारी शिकले. तिथे बिजली नावाची घोडी होती. परदेशातून आलेली एवढंच आम्हाला सांगितलेलं. तशी उडी मी परत कुठल्या घोड्याची पाहिली नाही. अडथळ्यावरून जाताना ती पाठ अशी गोल करायची की वर बसलेल्याला आपण उचललो जातोय असं वाटायचं. तिचं एखादं शिंगरू व्हावं म्हणून मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षं मागे लागलो. कागद मागितले तर "आहेत कुठेतरी", मग "पुरात भिजले", मग नुसतंच मौन. कागद नाहीत म्हणून तिच्यासाठी कुणी चांगला नर दिला नाही. बिजली म्हातारी होऊन गेली. तिच्याही डाव्या मांडीवर डाग होता. पुसट, दोन वर वळलेल्या रेषा. धुताना मी त्यावर बोट फिरवायचे. तो एच होता की त्राकेनर या दुसऱ्या जर्मन जातीची एल्क हरणाची शिंगं होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. रेवाचा डाग हाताला लागला तेव्हा तेच पुन्हा आठवलं, आणि तरीही खात्री झाली नाही.

रात्री ओसरीवर पिठलं-भाकरी झाल्यावर दादांनी पत्र्याची पेटी उघडली. रेवाचा पासपोर्ट, फळवल्याचा दाखला, रक्ताच्या तपासण्या. हानोवेरियनसारख्या या वॉर्मब्लड घोड्यांचं रक्त गरम नसतं, हे आधी सांगायला हवं. अरबी आणि थरोब्रेड हे तापट, ते 'गरम'. नांगराचे अवाढव्य शांत घोडे ते 'थंड'. आणि दोहोंच्या मधले हे. 1735 साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज, जो हानोव्हरचाही अधिपती होता, त्यानं त्सेले गावात सरकारी वळूशाळा काढली, शेतकऱ्यांच्या घोड्यांची जात सुधारावी म्हणून. त्राकेनर जात जिथली, ती त्राकेनेनची पागा 1732 ची. शनिवारवाड्याची वास्तुशांतही 1732 चीच. मी त्या वाड्याच्या सावलीत राहते, म्हणून ही सालं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या जर्मन पागांचे घोडे पुढे गाडीला, नांगराला, फौजेला लागले. ट्रॅक्टर आल्यावर शेतात काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी थरोब्रेड आणि त्राकेनरचं रक्त मिसळून खेळाचे घोडे घडवले. त्राकेनेन तर महायुद्धात गेलंच. 1945 च्या हिवाळ्यात त्या भागातली माणसं घोडे जुंपून गोठलेल्या खाडीवरून पश्चिमेला पळाली. गाव आज रशियात आहे. जगलेल्या घोड्यांवरून जात पुन्हा उभी करता आली, कारण कोण कुणाचं हे लिहिलेलं होतं.

मला सर्वांत पटली ती त्यांची नोंदणीची रीत. दादा सांगत होते, "आपल्याकडं बापाचं नाव लागलं की झालं. तिथं नुसत्या नावावर भागत नाही, जनावराला परीक्षा द्यावी लागते." घोडी साधारण तीन वर्षांची झाली की तिला परीक्षकांपुढे नेतात. सपाट जमिनीवर तिची ठेवण बघतात, मग त्रिकोणी वाटेवरून आधी चाल, मग दुडकी. डोकं, मान, खांदा, पुढचे पाय, मागचे पाय, चालीतला सरळपणा, दुडकीतली उसळी, प्रत्येकाला दहापैकी गुण. मग पाठीवर स्वार नसताना उडी, आणि परका स्वार बसवून ती किती ऐकते ते. नरांना तर अडीच वर्षांच्या वयात हानोवेरियन संघाच्या वेर्डेन गावच्या निवडीत उभं राहावं लागतं. तिथे मोजकेच पास होतात, बाकीच्यांना खच्ची करून खेळाला लावतात. आणि वही बंद नाही. बाहेरच्या जातीची घोडी गुणी असेल तर तिला आत यायला दार आहे. थरोब्रेडच्या वहीचा मला आदर आहे, पण मन या दुसऱ्या रीतीकडे जातं.

एका कागदावर दादांनी बोट ठेवलं. 'फ्रजाइल फोल सिंड्रोम' ची तपासणी, रेवा निर्दोष. पीएलओडी-1 नावाच्या जनुकातला हा दोष. एकच प्रत असलेला घोडा धडधाकट दिसतो, पण दोन वाहक एकत्र आले तर चारात एक शिंगरू फाटक्या कातडीचं जन्मतं आणि जगत नाही. केसांच्या मुळांवरून तपासता येतं. ते न बघता घोडी भरणाऱ्याला मी माफ करणार नाही.

"हे सगळं दौंडला कशासाठी?" असं मी विचारलंच. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत आपल्या ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, संघानं सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं पहिलं. चौघंही युरोपात राहून, तिथल्याच घोड्यांवर तयार झालेले. इथले घोडे रोगांच्या भीतीनं बाहेर सहसा घेत नाहीत. आता मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली आहे, म्हणजे वाट उघडते आहे. दादा म्हणाले, "वाट उघडंल तवा आपल्याकडं जनावर पायजे. आनि जनावरापाठी कागद."

दोन वाजून गेले असतील. मामांनी कंदिलाची वात खाली केली आणि हात वर केला. रेवाला घाम फुटला होता. ती बसली, उठली, पुन्हा बसली. पाणी फुटलं. दादा कात्री हातात धरून वाकले. पिशवी लालभडक दिसली तर क्षणाचाही उशीर न करता फाडावी लागते. पण आली ती पांढरी, चंद्रासारखी. आत एक खूर पुढे, दुसरा जरा मागे, त्यांवर टेकलेलं नाक. कुणीच ओढलं नाही. वीसेक मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर होतं, वाफाळत.

बॅटरीच्या उजेडात त्याचे खूर मी जवळून पाहिले. तळाला मऊ, पिवळसर-पांढऱ्या झालरी असतात, सोललेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या ओल्या. आईच्या पोटाला खूर लागू नये म्हणून ही सोय. चार पावलं टाकली की त्या झिजून जातात. आयुष्यात एवढाच वेळ त्या दिसतात.

मामा हिशेब पुटपुटत होते: तासात उभं, दोन तासांत पिणार, तीन तासांत वार. शिंगरू तीनदा नाकावर पडलं. चौथ्यांदा पाय चारी दिशांना फाकवून उभं राहिलं आणि भिंत लुचायला लागलं. मामांनी हलक्या हातानं वळवून कासेशी लावलं. चीक गिळल्याचा आवाज आला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मादी होती.

उजाडल्यावर नोंदीचं काम. मुळासकट केस उपटून पाकिटात, आईबापाची खात्री करायला. मानेच्या डाव्या अंगाला चिप नंतर बसायची. तिला आयुष्यभराचा 15 आकडी क्रमांक मिळेल. मग घोड्याच्या रिकाम्या आकृतीचा कागद. त्यावर पांढऱ्या खुणा लाल पेनानं काढायच्या आणि भोवऱ्यांच्या जागी काळी फुली. मामा पिढ्यानपिढ्यांचे मोतद्दार, त्यांची नजर आधी गळ्याखाली गेली, देवमण हा शुभ भोवरा आहे का बघायला. नव्हता. चेहरा जरा उतरला. "कपाळावर हाय एक. डाव्या डोळ्याच्या वर, उलटा फिरलेला." दादांनी तिथे फुली मारली. मामा ज्यात नशीब बघतात, त्याच भोवऱ्यावरून वेर्डेनला ओळख पटते.

हानोवेरियनचं नाव बापाच्या आद्याक्षरावरून ठेवतात. हिचा बाप 'फ' चा. दादा जर्मन नावं आठवत होते. मामा शेण काढता काढता म्हणाले, "फाल्गुनात झाली. फाल्गुनी म्हना."

निघताना दादांनी आकृतीची एक कोरी प्रत मला दिली. मी ओसरीवर बसून बिजलीचा फोटो समोर ठेवला. कपाळावर चांदणी, मागच्या दोन पायांना मोजे, हे लाल पेनानं काढलं. फोटोत तिच्या चांदणीच्या मधोमध भोवरा स्पष्ट दिसतो, तिथे काळी फुली मारली. खाली आईचं नाव, बापाचं नाव अशा दोन रेघा होत्या. त्या तशाच ठेवल्या आणि कागद घडी न घालता फोटोबरोबर पिशवीत ठेवला.